हरकत असेल तर कळवा

इरा, नील,

कर्वेनगरच्या घरातून सामानाचा टेम्पो निघाला, तेव्हा शेजारच्या सुलभाताई फाटकाशी उभ्या होत्या. म्हणाल्या, "खराडी का? म्हणजे अजून पुण्यातच म्हणायचं ना?" मी हसले. तुमचा बाबा माझी औषधांची पिशवी हातात घेऊन म्हणाला, "आई, आता आपलं घर एकच." हेच तो आधीही म्हणाला होता, आणि त्यावरच विसंबून मी माझं घर विकलं होतं.

खराडीत अकराव्या मजल्यावर सगळं नेटकं होतं. जिन्यात कुणी भेटत नसे, कारण जिना कुणी चढतच नसे. पण तुम्ही दोघं होतात. बाबाचं कामही घरातूनच चाले. ते मी समजून घेतलं. जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलं, नवा विषय दिसला की सोडवत नाही. संगणकाच्या अगदी गाभ्यात, कर्नलमध्ये, तो एक भर घालत होता. आपल्या फाइली नेटवर्कवरून दुसऱ्या मशीनवर ठेवतात. त्या आपल्याकडून निघण्याआधीच कुलूपबंद व्हाव्यात, म्हणजे ते मशीन त्या सांभाळेल, पण वाचू शकणार नाही.

मला सर्वांत आवडली ती त्यांची रीत. एक ओळ बदलायची तरी आधी सगळ्यांसमोर मांडायची. देशोदेशीची अनोळखी माणसं तिच्यात चुका काढत. बाबा चिडायचा, चहा मागायचा आणि पुन्हा लिहायला बसायचा. "हरकती ऐकल्याशिवाय काही आत जात नाही, आई," असं अभिमानाने सांगायचा. मीही फोनवर सुलभाताईंना तेच सांगायची.

चाचणी घरीच होई. ते दुसरं मशीन म्हणजे कपाटातला काळा खोका; त्यात आपल्या सगळ्यांच्या फाइली होत्या, आणि त्यांची फोल्डरं मी लावलेली. एका सकाळी त्यांत भलतंच नाव दिसलं, अर्थहीन अक्षरांची लांबलचक माळ. मला वाटलं, खोका बिघडला.

"बिघडला नाही," बाबा म्हणाला. "तुझ्या लॅपटॉपवर किल्ली नाही, म्हणून नावही वाचता येत नाही. पुसता मात्र येईल, तेव्हा आवराआवर करू नकोस."

"हे कसलं रे कुलूप? आत डोकावता येत नाही, पण पेटी फेकून देता येते?"

तो हसला. मी ते फोल्डर सोडून बाकीचं आवरलं.

मग एकदा नाश्त्याला इरा म्हणाली, "आजी, आमच्या नव्या शाळेत आइस स्केटिंग आहे!" पोह्यांवर लिंबू पिळणारा बाबाचा हात थांबला. इरा, तुझी काही चूक नव्हती. काय बोलायचं नाही, हे तुला कुणी नीट सांगितलं नव्हतं, इतकंच.

मग बाबाने सांगितलं, त्या कुलूपबंद फोल्डरमध्ये तुमच्या परदेशातल्या शाळेचे आणि बाबाच्या तिथल्या नोकरीचे कागद होते.

"मी इथे यायच्या आधीच ठरलं होतं?"

"हो. पण तू कर्वेनगरात एकटी राहिली असतीस, तर तिथे माझा जीव टांगणीला लागला असता. इथे लिफ्ट आहे, वॉचमन आहे."

"मला विचारायचं तरी."

"तू नाही म्हणाली असतीस."

एका ओळीसाठी जगाला विचारणारा माझा मुलगा! तुमचं जाणं मी सोसलं असतं, मुलं जातातच. पण स्वतःची काळजी मिटावी म्हणून त्याने मला सुरक्षित जागी ठेवून दिलं, ते मात्र सोसत नाही.

तुम्ही गेलात. आता बाबा फोनवर म्हणतो, "किल्ली पाठवू का? सगळं वाचता येईल." मी नको म्हटलं. वाचायची वेळ गेली. फोल्डर अजून तिथेच आहे. पुसणं माझ्या हातात आहे; पुसलेलं नाही.

आता मुद्द्याचं. सुलभाताईंच्या गल्लीत तळमजल्यावर दोन खोल्या भाड्याने मिळताहेत. मी परत जायचं म्हणतेय. तिथे लिफ्ट नाही, वॉचमन नाही. सुलभाताई आहेत, त्यांच्या नजरेतून मांजरही सुटत नाही. मला आता घर म्हणजे एवढंच हवंय, की माझ्याबद्दल काही ठरवायच्या आधी मला विचारलं जावं. म्हणून मीही आधी तुमच्यापुढे मांडतेय. बाबालाही वाचून दाखवा. हरकत असेल तर कारणासह कळवा.

खोल्यांच्या मालकांना मी अजून हो म्हटलेलं नाही.

तुमची आजी