तुमच्या आत्याची सरासरी

गेल्या रविवारी फोनवर धाकट्याने मला सांगितलं की त्याच्या खोलीतल्या भिंतीवर ज्या बास्केटबॉलपटूचं मोठं चित्र आहे, त्याने निवृत्त झाल्यावर परत यायलाच नको होतं. "आजी, तो घरी बसला असता ना, तर त्याची सरासरी केवढी राहिली असती! उगाच परत येऊन त्याने स्वतःचं अ‍ॅव्हरेज खराब केलं." मी "बरं" म्हणून फोन ठेवला. तुम्हाला वाटलं असेल, आजीकडचं नेटवर्क गेलं. तळोद्यात ते जातंच, पण त्या दिवशी गेलं नव्हतं. मला राग आला होता, आणि तो राग फोनवर काढला असता तर तुम्ही दोघं घाबरला असता. म्हणून लिहिते आहे. इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं, पण रागावायला मला मराठीच लागते.

धाकट्याचं हेच वाक्य, जवळजवळ याच शब्दांत, महिन्यापूर्वी माझ्या बैठकीच्या खोलीत, माझाच चहा पिता पिता एका माणसाने तुमच्या आत्याबद्दल उच्चारलं होतं.

आधी गणित मिटवून टाकते. सरासरी म्हणजे एकूण गुण भागिले एकूण सामने. समजा एखादी खेळाडू शंभर सामने खेळली आणि दर सामन्याला अठरा गुण केले. मग निवृत्त झाली. काही वर्षांनी परत येऊन दहा सामने खेळली, पण आता वय झालेलं, दर सामन्याला सातच गुण. एकूण गुण अठराशे सत्तर, सामने एकशे दहा. सरासरी अठरावरून सतरा. म्हणजे शंभर सामन्यांची मेहनत तीच राहिली, वर सत्तर गुण जास्तही केले, आणि आकडा मात्र खाली आला. यात कुठेही चूक नाही. मी तीस-एक वर्षं शाळेत हेच शिकवलं. गणित बरोबर आहे म्हणूनच मला जास्त राग येतो. चुकीचं असतं तर लाल शाईने खोडता आलं असतं.

आता तुमची आत्या. तुम्ही तिला स्वयंपाकघरात, गुडघ्याला पट्टा बांधून, तुम्हाला भरीत वाढताना पाहिलं आहे. तुमच्या बाबांनी सांगितलं असेल की ती "पूर्वी खेळायची". पूर्वी नव्हे. ती तालुक्याच्या महिला बास्केटबॉल संघाची सर्वांत मोठी खेळाडू होती, आणि शहाद्याच्या संघाला तिचं नाव ऐकून अजून घाम फुटतो.

ती दोनदा निवृत्त झाली. पहिल्यांदा लग्न ठरलं म्हणून. इथल्या क्रीडा मंडळाने मैदानावर सत्कार केला, शाल आणि नारळ दिला, भाषणं झाली. तिच्या निवृत्तीचा निर्णय सासरच्यांनी घेतला होता, हे कुठल्याच भाषणात आलं नाही. चार वर्षांनी तुमच्या आतोबांची बदली तळोद्याला झाली आणि ती परत मैदानात उतरली. तेव्हा ती आधीपेक्षा चांगली खेळली! अंगात ताकद आली होती, डोकं शांत झालं होतं. तिची सरासरी तेव्हा वर गेली. धाकट्या, हे नीट वाच. परत आल्याने सरासरी वरही जाते. पण तेव्हा कोणी म्हणालं नाही की बरं झालं, परत आली.

दुसऱ्यांदा गुडघ्याने घरी बसवलं. परत सत्कार, परत शाल, परत नारळ. दोन्ही शाली माझ्याच कपाटात आहेत. त्यांना डांबराच्या गोळ्यांचा वास येतो.

आणि मग ती "खांब" झाली.

या अर्थाने हा शब्द तुम्हाला दुसरीकडे कुठे मिळणार नाही. आमच्या संघातल्या अर्ध्या मुली डोंगरातल्या, अक्कलकुव्याच्या वरच्या, मोलगीकडच्या. त्या जीपने येतात. जीप भरल्याशिवाय ड्रायव्हर चाक हलवत नाही, आणि घाटात काय होईल ते कोणाच्या हातात नसतं. बास्केटबॉलचा नियम असा की पाच जणी उभ्या असल्याशिवाय सामना सुरू होत नाही. पंधरा मिनिटं थांबतात, मग समोरच्या संघाला जिंकलं म्हणून जाहीर करतात. त्यावर आमच्याकडे तोड निघाली. संघाच्या यादीत शेवटी एका जुन्या खेळाडूचं नाव ठेवायचं. जीप आली नाही तर तिने पाचवी म्हणून उभं राहायचं. खेळायचं नाही, पळायचं नाही, फक्त मांडव पडू नये म्हणून खांबासारखं उभं राहायचं. जीप आली की ती बाहेर, पोरगी आत. "ताई, खांब लागेल," असा मुलींचा फोन आला की तुमची आत्या कणकेचे हात धुऊन निघायची. कधी दोन मिनिटं उभी राहायची, कधी पाच. गुण शून्य.

पण गुणपत्रकावर तो एक सामना. दोन मिनिटं उभं राहा की चाळीस मिनिटं धावा, सामना एकच धरतात. अशा कित्येक सामन्यांत ती उभी राहिली, आणि तिची सरासरी उन्हात ठेवलेल्या मेणासारखी खाली आली.

या हिवाळ्यात मंडळाने मैदानाशेजारच्या भिंतीला रंग दिला आणि ठरवलं की तिच्यावर आजवरच्या उत्तम खेळाडूंची नावं सरासरीच्या क्रमाने रंगवायची. पहिली ओळ मोठ्या अक्षरांत. सगळे हिशेब झाले तेव्हा तुमची आत्या पहिली होती, पण जेमतेम. दुसऱ्या क्रमांकावर एक मुलगी होती जी तीन वर्षं छान खेळली, लग्न होऊन सुरतेला गेली आणि पुन्हा कधी मैदानात आली नाही. तिच्यावर माझा राग नाही. दोघींत फरक होता तो दशांशचिन्हानंतरच्या दुसऱ्या आकड्याचा. आणि यंदाच्या तालुक्यांच्या स्पर्धेचा शेवटचा सामना, शहाद्याविरुद्धचा, अजून व्हायचा होता.

सामन्याच्या दिवशी सकाळी मंडळाचा सचिव आमच्याकडे आला. कापडाचं दुकान आहे त्याचं. माझाच विद्यार्थी, त्यामुळे खुर्चीच्या टोकावर बसतो आणि मला अजून बाई म्हणतो.

"बाई, ताईंना आज घरीच ठेवा," तो म्हणाला. "आज खेळल्या तर पहिली ओळ जाईल. खरं सांगू का, ताईंनी दुसऱ्यांदा परत यायलाच नको होतं. केवढी सरासरी होती! उगाच खराब केली."

"तिला परत बोलावलं कोणी?"

"आम्हीच, बाई. मुली कमी पडत होत्या."

"मग खराब कोणी केली?"

त्याने बशीत चहा ओतला.

"ज्या सामन्यांत ती नुसती उभी होती, ते वगळा," मी म्हटलं. "एवढं तरी करा."

"नियम सगळ्यांना सारखा ना, बाई. एकासाठी बदलला तर उद्या सगळे येतील. आणि सरासरी तुम्हीच तर शिकवलीत सातवीत."

"शिकवली. भागाकार कुठे करायचा आणि कुठे नाही, ते शिकवायचं राहिलं वाटतं."

आत्या आतून बाहेर आली. तिने सगळं ऐकलं होतं. "येणार आहेत ना सगळ्या पोरी?" तिने विचारलं.

"येणार, येणार. पाच पक्क्या आहेत. तुमची गरजच नाही, ताई."

"मग मी बघायला येते," ती म्हणाली. सचिव खूश होऊन गेला. मीही खूश झाले, लपवत नाही. ती ओळ मला हवी होती. तिला तर किती हवी होती ते मला ठाऊक आहे. रंगारी भिंत घासत होता तेव्हा ती भाजी आणायला म्हणून रोज त्याच रस्त्याने जायची, आणि आमची भाजीवाली त्या बाजूला बसतच नाही.

दुपारी आम्ही मैदानावर गेलो. मुली चारच होत्या. पाचवी मोलगीहून यायची होती आणि त्या दिवशी मोलगीचा बाजार. बाजारच्या दिवशी सकाळी माणसं मोलगीकडे चढतात, खाली कोण येणार? जीप रिकामी उभी, ड्रायव्हर बिडी पीत बसलेला, आणि आमची पोरगी बूट हातात घेऊन प्रवासी गोळा करते आहे, असं तिचंच फोनवर सांगणं. बाकी दोघींपैकी एकीची परीक्षा होती, दुसरीला घरून सोडलं नव्हतं. पंचाने घड्याळ लावलं.

संघाची कप्तान आत्याजवळ आली. तिला पहिल्या ओळीची गोष्ट माहीत होती, सगळ्या गावाला माहीत होती. ती "खांब" हा शब्द बोलली नाही. नुसती समोर उभी राहिली आणि जर्सीची किनार ओढत बसली. सचिव लांबून हाताने "नको, नको" करत होता.

मी तुमच्या आत्याचा हात धरला. "दशांशाचा प्रश्न आहे," मी म्हटलं.

"आई, त्या चौघी सकाळपासून उपाशी आल्यात," ती म्हणाली, आणि हात सोडवून पट्टा बांधायला लागली. मला तिचाही राग आला. इतक्या वर्षांत एकदा तरी बसून राहायला काय झालं होतं हिला?

ती आत जाताना कुंपणाशी उभा असलेला एक जण ओरडला, "दोन शाली लिध्यात, आते तिसरी लेवाले उनी का?"

दोन शाली घेतल्या, आता तिसरी घ्यायला आली का, असं त्याचं अहिराणीतलं विचारणं. सगळे हसले. तिने वळून पाहिलं. "तिसरी तुले दिसू. घर लई जाय!" तिसरी तुलाच देईन, घरी घेऊन जा, असं तिने सुनावलं. अजून मोठं हसू उठलं, पण आता त्याच्यावर.

जीप दोन मिनिटांत आली नाही, पाच मिनिटांतही नाही. मध्यंतरापर्यंत ती मैदानावर होती. नुसती उभी राहायची सोय नव्हती, शहाद्याच्या मुली तिच्या अंगावरून जात होत्या. ती पळू शकत नव्हती, म्हणून जागा धरून उभी राहिली आणि चेंडू बरोबर त्या त्या पोरीच्या हातात देत राहिली. स्वतः फक्त दोन बास्केट केले, म्हणजे चार गुण. पहिली ओळ राखायला तिला तिच्या सरासरीइतके तरी गुण हवे होते. त्या गुडघ्याने ते शक्य नव्हतं आणि तिने प्रयत्नही केला नाही. तिच्या पासवर दुसऱ्यांनी किती गुण केले, ते त्या सरासरीत कुठेच लिहीत नाहीत.

मध्यंतराला पोरगी धुळीने माखून आली. आत्या बाहेर येऊन माझ्याशेजारी बसली आणि गुडघ्यावर बर्फाऐवजी थंड सरबताची बाटली धरली. आम्ही तीन गुणांनी जिंकलो. मुलींनी तिला उचलायचा प्रयत्न केला आणि तिने शिव्या घालून त्यांना पळवलं.

आणि मग बक्षीस समारंभात सचिवाने काय करावं? माइकवरून जाहीर केलं, "आज आपल्या ताई खऱ्या अर्थाने निवृत्त होत आहेत," आणि शाल आणि नारळ पुढे केला. घरून तयारीनेच आणलं होतं! तिला न विचारता! मी खुर्चीतून उठले होते. काय बोलणार होते मला माहीत नाही, पण सातवीच्या वर्गाला ऐकू जाईल अशा आवाजात बोलणार होते. त्याची गरज पडली नाही. आत्याने शाल घेतली, लंगडत मंचावरून उतरली, कुंपणापर्यंत गेली आणि त्या ओरडणाऱ्या माणसाच्या खांद्यावर नीट दोन्ही बाजूंनी घातली. नारळ मुलींना दिला. त्यांनी तो तिथेच पायरीवर फोडला.

चार दिवसांनी भिंत रंगली. सुरतेची मुलगी पहिली, तुमची आत्या दुसरी, पुढे तिची नवी सरासरी दोन दशांशांपर्यंत. मी ताळा करून पाहिला. बरोबर होती. आत्या आता भाजीला नेहमीच्या रस्त्याने जाते.

तिला वाईट वाटलं का, असं तुम्ही विचाराल. वाटलं. म्हणून धाकट्या, तुझं वाक्य मला लागलं. तुझ्या त्या भिंतीवरच्या माणसाला परत का यावंसं वाटलं ते मला माहीत नाही, आणि तुलाही माहीत नाही. त्याने परत येऊन जे गुण केले ते कोणी त्याच्याकडून काढून घेतलेले नाहीत. ते बेरजेत आहेत. सरासरी हवी तेवढी खाली येऊ दे, बेरीज कधी खाली आली आहे का, ते तूच करून बघ. तो कोणासाठी पाचवा झाला होता, तेही शोध, आणि मग मला फोन कर.

परवा नवापूरशी मैत्रीचा सामना होता. जीप घाटात अडकली. आत्या सहा मिनिटं उभी राहिली, गुण शून्य. मंडळ मैत्रीचे सामनेही धरतं, हे सचिवानेच मला एकदा सांगितलं होतं. संध्याकाळी मी त्याला निरोप पाठवला की भिंतीवरचा आकडा आता चुकला आहे, रंगाऱ्याला बोलाव. तो म्हणाला, "बाई, एवढ्याशा फरकासाठी?" मी म्हटलं, नियम सगळ्यांना सारखा. रंगारी येऊन गेला. पुढच्या आठवड्यात अक्कलकुव्याचा सामना आहे आणि घाटात रस्त्याचं काम चाललं आहे. त्याला पुन्हा यावं लागेल. मी प्रत्येक वेळी कळवणार आहे.