चाकावरचा उपडा हात

विश्वास ठेवण्यासारखी एकही वस्तू या जगात अजून तयार झालेली नाही, असं मनापासून मानणारा माणूस बघायचा असेल तर नेदरलँड्समधल्या बाडहूव्हडॉर्पला या. माझे साडू तिथे राहतात. विमानतळावर बॅगांचे पट्टे फिरतात ना, त्यांच्या देखभालीचं काम करतात. फिरत्या रुळांना कान लावून ‘हा आज वेगळा बोलतोय’ असं सांगण्याचा त्यांना पगार मिळतो, आणि घरी आल्यावर तेच काम ते फुकट करतात. दुधाच्या बाटलीवरची तारीख वाचतात, मग बाटली उघडून वास घेतात, मग ताईंना, म्हणजे माझ्या मोठ्या मेव्हणीला, वास घ्यायला लावतात आणि शेवटी चहा कोराच पितात. हवामानखात्याने पाऊस सांगितला की छत्री नेतात, ऊन सांगितलं की छत्री आणि रेनकोट दोन्ही नेतात. माझं लग्न ठरत होतं तेव्हा त्यांनी सासऱ्यांना विचारलं होतं म्हणे, “मुलगा काय करतो ते कळलं, पण का करतो ते विचारलंत का?” वीस वर्षं झाली, स्लोटरडाइकच्या ऑफिसात रोज खुर्चीत बसताना मला तो प्रश्न आठवतो.

साडूभाऊ मूळचे भुसावळचे. उन्हाळ्यात तिथे माणूस सावलीतही करपतो. लहानपणी मावशीच्या लग्नात लाकडाच्या भुशात गुंडाळलेली बर्फाची लादी आली, तिच्यावर हे दुपारभर बसून राहिले आणि तेव्हापासून बर्फाच्या नादी लागले. आता या नेदरलँड्समध्ये बर्फ पडतो तो रांगोळीइतका, तोही दुपारपर्यंत पुसला जातो. पण खरा बर्फ वर स्वीडनमध्ये आहे, एवढं कळल्यावर गृहस्थाने एक जुनी बर्फगाडी घेतली. स्नोमोबाइल म्हणतात तिला. पुढे दोन पट्ट्या, मागे रबरी पट्टा. (पट्टा म्हटला की साडूभाऊ आलेच!) दरवर्षी फेब्रुवारीत पंधरा दिवस रजा टाकून ती गाडी घेऊन उत्तरेला जायचं, हा त्यांचा नेम. आणि ती न्यायची कशातून? उघड्या ट्रेलरवरून नेली तर रस्त्यावरचं मीठ उडणार, पाऊस लागणार, चोर बघणार. म्हणून चारी बाजूंनी बंद, वर छप्पर असलेला ट्रेलर हवा. त्याला ते ‘पेटी’ म्हणतात.

त्या पेटीच्या निवडीपेक्षा उपवर मुलीसाठी स्थळ शोधणं परवडलं. दीड वर्ष चाललं होतं. एक पेटी छपराच्या सांध्यात कुजलेली होती म्हणून नाकारली. एकीला फक्त मागे दार होतं. यांना पुढेही हवं, कारण गाडी मागून चढवावी आणि पुढून उतरवावी, उलटं चालण्याचा तिचा काय भरवसा! एका पेटीत काहीच दोष निघेना, तर म्हणाले, “विकणारा फार चांगला वाटतो. एवढा चांगला माणूस एवढी चांगली वस्तू विकेल कशाला?” शेवटची पेटी बघायला ड्रेंथमधल्या एका शेतकऱ्याकडे गेलो, तेव्हा मला पाण्याची नळी धरायला नेलं होतं. हे आत शिरले आणि म्हणाले, “बाहेरून दार लावा आणि वरून पाणी मारा.” शेतकरी माझ्याकडे बघायला लागला. मी काय सांगणार कपाळ! दार लावलं, पाणी मारलं. दहा मिनिटांनी आतून ठकठक ऐकू आली. बिचारा धावत दार उघडायला गेला, तर हे आत ओणवे होऊन, कलिंगड वाजवावं तशी जमिनीची फळी वाजवून बघत होते. “अजून पाच मिनिटं,” म्हणाले, “उजवा कोपरा राहिलाय.” कुठून उजेडाची तिरीप येत नाही, थेंब गळत नाही, फळी पोकळ वाजत नाही, एवढी खात्री झाल्यावर पेटी घेतली, आणि घरी येताना मला म्हणाले, “काहीतरी असणार. सापडलं नाही एवढंच.”

संशयाचं मुख्य ठिकाण मात्र चाकं. पेटीला चार चाकं, आणि प्रत्येकाच्या पोटात बेअरिंग, म्हणजे पोलादी रोलर बसवलेल्या बांगड्या. त्यात पाणी किंवा मीठ शिरलं, वंगण सुकलं किंवा वरचा नट जास्त आवळला गेला की बेअरिंग तापतं, आणि भर रस्त्यात चाक निखळू शकतं. म्हणून दर हिवाळ्याआधी चारही खोलायची, धुवायची, तळहातावर ग्रीसचा गोळा घेऊन बेअरिंगची कड त्यात दाबत राहायची, ग्रीस दुसऱ्या बाजूने डोकावेपर्यंत. प्रवासात दर थांब्याला चाकाच्या मध्यावर उपडा हात, म्हणजे हाताची मागची बाजू, ठेवायचा, पोराचा ताप बघतात तसा. कोमट असेल तर चालतं, हात ठेववत नसेल तर खेळ खलास. “उपडाच का?” मी विचारलं होतं. “तळवा कामाने राठ होतो, तो लपवाछपवी करतो. उपडा हात खोटं बोलत नाही.” मी एकदा त्यांना लांबूनच तापमान सांगणारं यंत्र वाढदिवसाला दिलं. त्यांनी चाकावर धरलं, आकडा वाचला, मग खरं की खोटं बघायला हात लावला. “याला सेल लागतो,” म्हणाले, “सेल संपत आला की हेही थापा मारणार.” आणि दुसऱ्या कोणी चाकाला हात लावायचा नाही! मी एकदा लावला तर फडक्याने पुसून घेतलं होतं.

असा माणूस गेल्या वर्षी जानेवारीत मला फोन करून म्हणतो, “साडूभाऊ, यंदा चला माझ्याबरोबर स्वीडनला.” मी तर उडालोच. दाल में कुछ काला है, हे मी बायकोला त्याच क्षणी सांगितलं. पेटी माझ्या गळ्यात मारायची असेल. किंवा काही बिघडलं तर खापर फोडायला डोकं हवं असेल. ती म्हणाली, “तुम्ही पण त्यांच्यासारखेच झालात.” तरी गेलो, फुकट बर्फ कोण सोडतो!

पहिला थांबा आल्मेर ओलांडल्यावर. उतरले आणि म्हणाले, “जरा चाकं बघता का?” मी? चाकं? माझा संशय दुप्पट झाला. मी चारही बघितली, थंड म्हणालो. “नक्की?” नक्की. “डावं मागचं?” थंड. “परत एकदा?” परत एकदा. त्यांनी स्वतः हात लावला तो माझ्यानंतर, उपचारापुरता. दुसरा थांबा जर्मनीत. आडवातिडवा पाऊस, वारा असा की टोपी उडेल. मी उतरलो, डाव्या बाजूची दोन चाकं बघितली, उजवीकडे चिखल होता, आणि खिडकीशी येऊन ओरडलो, “चारही थंड!” नक्की? “अहो नक्की!” या वेळी त्यांनी परत एकदा विचारलं नाही. मला हायसं वाटलं, खोटं कशाला बोलू.

ब्रेमेनच्या अलीकडे तिसऱ्यांदा थांबलो. मी कॉफी आणायला गेलो. परत आलो तर साडूभाऊ उजव्या मागच्या चाकाशी उकिडवे बसलेले, उपडा हात चाकावर टेकवलेला. “जळका वास आला मला,” म्हणाले, “पण तुम्ही म्हणालात तसंच आहे. थंड आहे.” वास तर मलाही येत होता. मी वाकून बोट लावलं आणि असा चटका बसला की दोन्ही कॉफ्या सांडल्या. “अहो, हात काढा! काढा हात!” मीच मनगट धरून ओढला. मागची कातडी लालबुंद, बोटाच्या पेरांवर फोड उठायला लागलेले. ते आपल्याच हाताकडे असे बघत होते की जणू तो कुणीतरी चुकीच्या बॅगेतून पाठवलाय.

हात गार पाण्याखाली धरून आम्ही बराच वेळ उभे होतो. मग म्हणाले, “दिवाळीत फुलबाजी बोटापर्यंत जळत आली होती. आमची ही ओरडली तेव्हा कळलं.” मी म्हणालो, हाउसआर्टला, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरला, का नाही दाखवलंत? “हाउसआर्ट पॅरासिटामॉल देणार. आणि त्याने खरंच काही शोधून काढलं तर? हात बधिर झालाय म्हटल्यावर कामावर पट्ट्यांना हात लावू देतील मला?” आणि मग, खाली बघून, “हे नट मीच आवळलेत. थोडे सैल हवे असतात. बोटांना कळलंच नाही.”

साहजिकच या माणसाकडे बेअरिंगचे दोन जादा संच होते. चाक निवल्यावर काम सुरू झालं. हात माझे, तोंड त्यांचं. “दाबा ग्रीस. अजून. अहो, पोळीला तूप लावताय का? आता नट आवळा. आता मागे घ्या, जरासाच. चाक हलवा. खुळखुळतंय?” किंचित. “किंचित म्हणजे किती?” मी सांगत गेलो आणि ते डोळे मिटून ऐकत राहिले. शेवटचं झाकण बसवलं तेव्हा मला राहवेना. म्हणालो, “साडूभाऊ, मागच्या थांब्याला उजवीकडची चाकं मी बघितलीच नव्हती. पाऊस होता.” मला वाटलं, आता वीस वर्षांचा सगळा संशय माझ्या डोक्यावर आदळणार, आणि मी त्याच लायकीचा होतो. ते नुसते “तरीच” म्हणाले. मग म्हणाले, “मला वाटलं, मी एकटाच चुकलो.” आम्ही तिथूनच परत फिरलो.

घरी आल्यावर ताईंनी दोघांनाही फैलावर घेतलं आणि साडूभाऊंना डॉक्टरकडे नेलं. रक्तातली साखर निघाली, चांगलीच वाढलेली, आणि हाताच्या नसांवर तिचा परिणाम. गोळ्या सुरू झाल्या; त्या प्रत्येक गोळीचा ते आधी वास घेतात. बोटांतला स्पर्श थोडा परत आला, सगळा येणार नाही असं डॉक्टर म्हणाले, आणि यावर मात्र, का कोण जाणे, त्यांनी पटकन विश्वास ठेवला. कामावर आता पट्ट्यांपासून दूर, संगणकाच्या पडद्यासमोर बसवलंय. “पडदा सगळं ठीक दाखवतो,” म्हणतात, “म्हणून तर काळजी वाटते.” पण पूर्वीसारखा जोर नसतो बोलण्यात. ते ऐकून मला कसंतरीच होतं.

या फेब्रुवारीत परत निघालो. बोलावलं त्यांनीच, मी विचारायचं धाडस केलं नसतं. चाकं आम्ही दोघांनी बसवली होती. आल्मेरच्या पुढे थांबलो, पाऊस तसाच, वारा तसाच. मी चिखलात जाऊन चारही चाकांना उपडा हात लावला. काच खाली करून त्यांनी विचारलं, “काय म्हणतायत?” मी म्हणालो, “थंड आहेत.” मी तिथेच उभा राहिलो, पुढचे प्रश्न येतील म्हणून. नक्की? डावं मागचं? परत एकदा? त्यांनी नुसती मान हलवली आणि काच वर केली. मी गाडीच्या दाराशी आलो, दार उघडलं, तसंच मिटलं, आणि परत मागे जाऊन चारही चाकं पुन्हा एकदा बघितली.