मनकर्णाकाकूच्या ओवाळणीतला आंबा

मनकर्णाकाकू राहते शहरात, इतवारी बाजारातल्या भांड्यांच्या गल्लीत. जीव मात्र कुही गावाजवळ, भावाच्या शेतातल्या एका म्हाताऱ्या आंब्यावर. आंब्यांसाठी नव्हे. ते इतके आंबट की माकडंही एक चावा घेऊन फेकतात. त्याच्या फांद्यांवर रानआमरी आहे; शहरात तिला ऑर्किड म्हणतात. उन्हाळ्यात तिला पिवळट, तपकिरी चौकड्यांची फुलं येतात आणि जांभळी जीभ काढून जगाकडे बघत बसतात. काकू त्यांच्याकडे बघत बसते.

चौऱ्याहत्तर सालच्या भाऊबीजेला तिचे थोरले भाऊ चंपतराव आले, पाटावर बसले आणि सहज म्हणाले, "तो आंबा इकला वं. उद्या ठेकेदाराची माणसं आरा घेऊन येऊन राहिली."

काकूच्या हातातलं ताट जागीच थांबलं. ओवाळल्याशिवाय भावाला उठता येत नाही. जेवताही येत नाही.

"ओवाळणी काय देतं, दादा?"

"लुगडं आणलं ना."

"मले तो आंबा दे."

"काहून वं? नुसतं बांडगूळ माजलं त्याच्यावर."

"बांडगूळ झाडाले खाते. आमरी नुसती बसते. आता तू बसला तशी."

"बरं, उपटून आणून देतो. गॅलरीत बांध."

"मागं बांधली व्हती. पाणी घातलं, सावली केली. मेली. तिले तोच आंबा लागते, तेच वारं लागते."

"पण सौदा झाला ना, बाई!"

काकूने निरांजनात तूप घातलं. आवाज तिने चढवला नाही. ती कधीच चढवत नाही, थांबून राहते. इतवारीतले दुकानदार तिला पहिलाच भाव उतरवून सांगतात.

आत पुऱ्या तळल्या जात होत्या. चंपतरावांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. मग वातीकडे. वात मजेत होती.

"दिला."

"काय दिलं?"

"आंबा, माय माझे, आंबा! ओवाळ आता!"

दुसऱ्या दिवशीचं चंपतराव स्वतःच सांगतात. ठेकेदार माणसं घेऊन बांधावर हजर.

"काहून गा चंपतराव, नाही म्हणता?"

"झाड बहिणीचं हाय."

"बहीण कुठं हाय?"

"इतवारीत."

"मंग झाड इथं काय करून राहिलं?"

"त्याले तिथं करमत नाई."

ठेकेदार तापला. "मीच जाऊन बोलतो तिच्यासंग."

"जा ना," चंपतराव म्हणाले. "पण घरून जेवून जाजा."