हळदकुंकू लावलेला लॅपटॉप

अप्पा नांदेडात ऑटो चालवायचे, पण ऑटो दुसऱ्याचा. त्यामुळं दसऱ्याला ते मालकाच्या दारात जाऊन ऑटोला हार घालायचे आणि घरी पाटावर मायचा विळा तेवढा पुजायचे. आम्ही पाचजण एका खोलीत राहायचो, पावसाळ्यात गळतीखाली पातेलं ठेवायचो. त्याची मला कधी लाज वाटली नाही. लाज वाटते ती पुढच्या गोष्टीची.

अकरावीला शाळेनं वर्षभरासाठी लॅपटॉप दिला. सगळा कुलूपबंद, अभ्यासाच्या साइट सोडून काही उघडायचं नाही. पण वर्गातल्या एकीनं पेनड्राइव्हवरून एक फाइल दिली. तिच्यात सापाचा जुना गेम होता, इंटरनेटशिवाय चालायचा. दाणा खाल्ला की साप लांब व्हायचा. मी तासन्‌तास खेळायचे आणि माय शेजारणीला सांगायची, "लई अभ्यास करून राहिली, मान वर करत न्हाई."

त्या दसऱ्याला अप्पांनी पाटावर लॅपटॉप मांडला. म्हणाले, "यंदा आपल्या घरचं हत्यार हाय." लोह्याहून थोरले चुलते आले होते. बारावी झाली की माझं लग्न उरकावं, हे त्यांचं टुमणं. मला लातूरच्या कॉलेजात घालायचं, हा अप्पांचा हट्ट.

अप्पांनी झाकण उघडून चिमूटभर हळद वाहिली, ती बटणांवर सांडली. आदल्या दिवशी मी नुसतं झाकण मिटलं होतं, गेम बंद केलाच नव्हता. पडदा उजळला, साप सरसर निघाला आणि भिंतीला धडकून मेला. बारीकसं वाजलंसुद्धा.

"वा रे वा!" चुलते हसले. "सापाला दाणे चारायला लातूरला धाडून राहिला व्हय?"

अप्पांचं कुंकवाचं बोट तसंच हवेत राहिलं. मग त्यांनी ते पडद्याच्या कडेला टेकवलं. "खेळू द्या की, दादा. दिवसभर शिकूनच राहिली ती. मी रोज बघतो न्हाई का?"

अप्पा रोज बघत होते तो अभ्यास म्हणजे हा सापच होता. मी त्यांना आपट्याची पानं देऊन पाया पडले, पण त्यांच्या तोंडाकडं बघायचं धाडस झालं नाही.

संध्याकाळी मी गेमची फाइल पुसली. वर्षाअखेरी लॅपटॉप परत करताना सरांनी विचारलं, "बटणं पिवळी कशानं झाली गं?"

"पूजा केली होती, सर."

सर हसले. मला हसू आलं नाही.

बारावीनंतर अप्पांनीच मला लातूरच्या बसमध्ये बसवलं. तिथं मी बी.एस्सी. झाले, पहिल्या वर्गात. आमच्या घरातली पहिली पदवी माझी आहे.