सरजाबाई अन् अर्ध्या मिनिटाची गाडी

गाडीची वाट पाहता पाहता माणसाजवळ किस्से साचतात. जेवढी गाडी लेट, तेवढे किस्से जास्त. आता आमची गाडी टायमावर येऊन राह्यली, म्हणून होते तेवढे सांगून टाकतो.

आमच्या खेड्याच्या ठेसनावरून सकाळी आम्ही चौघं वर्ध्याले जातो. मी खराटे विकतो. तिशीतला पहिलवान गुलाब दूध नेतो. रिटायर झालेले गुर्जी वाचनालयात पेपर वाचाले जातात. अन् सरजाबाई सांभाराची, म्हणजे कोथिंबिरीची, टोपली घेऊन बाजारात बसते. तिचा गुडघा धड नाई. जुन्या प्यासेंजरमध्ये आधी टोपली चढे, मंग बाई. गार्ड झेंडी काखेत धरून पाहत राहे.

एक दिवस त्यानं उगाच गाडी थांबवून ठेवली. शेवटी विचारलं, आजीबाई कुठी हाय? लग्नाले देवळीले गेली, आम्ही सांगतलं.

"मंग आधी सांगा ना बापा!"

* * *

पुढे त्या गाडीचे डबे दुसऱ्या लाईनीवर गेले अन् आमाले नवी मेमू भेटली. डबे जास्त, पळते सुसाट, बसाले जागा भेटते. खोटं काऊन बोलू, गाडी चांगली हाय. पण थांबते अर्धं मिनिट.

पहिल्याच दिवशी टोपली वर्ध्याले गेली अन् सरजाबाई फलाटावर राह्यली.

पोरगा म्हणे, माय, लय झालं, आता घरी बस. दोन दिवस बसली. तिसऱ्या दिवशी मी खराटा द्याच्या निमित्तानं गेलतो.

"बाजारात मले सरजा म्हणून हाक मारतात, भाऊ," ती म्हणे. "घरी सारे आजीच म्हणतात."

मी तसाच गुर्जीकडे गेलो.

* * *

गुर्जींनी छत्रीनं गाडीची पायरी मोजली. बरोबर तेवढाच उंच मारुतीच्या देवळाचा ओटा निघाला. तिथं प्रॅक्टिस सुरू केली. गुलाब वरून ओढे, मी खालून टेकू दे, गुर्जी घड्याळ पाहत.

पहिल्या खेपेले दीड मिनिट. दुसऱ्या खेपेलेही तेवढंच. काऊन, तं बाई वर चढली का हात जोडून उभी राहे.

"बाई, गाडीत मारुती नाई," गुर्जी म्हणे.

"इथं तं हाय ना."

शेवटी नमस्कार खालूनच करून घ्याचा, असं ठरलं.

* * *

सोमवारी गाडी आली. टोपली वर, गुलाब वर, बाई वर! गुलाब दुधाची कॅन घ्याले खाली उतरला. गुर्जींनी घड्याळ पुढे केलं. अठरा सेकंद! आम्ही तिघंही घड्याळावर वाकलो, अन् गाडी हलली.

सरजाबाई दारात उभी राहून आमच्याकडे पाहत गेली.

संध्याकाळी तिले उतरवून घ्याले आम्ही तयारच होतो. टोपली रिकामी होती. गुलाबनं भीत भीत विचारलं, बाजारात माह्याबद्दल कोणी विचारलं का?

"सारेच विचारत होते, दूधवाला काऊन नाई आला म्हणून."

"मंग तू काय म्हणलं, माय?"

"म्हणलं, थकला बिचारा. नव्या गाडीत चढणं नाई होत आता त्याच्यानं."