पिन काढलीस काय?

आधीच सांगते, मी शाळेत विज्ञान शिकवलं, तेही अठ्ठावीस वर्षं. भुताखेतांच्या गप्पा मारणाऱ्या मुलींना मी तासभर बाकावर उभं करायची. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच कसंतरी होतंय...

आणीबाणी उठून वर्ष होत आलं होतं. कोल्हापुरात शाहूपुरीत आमची दोन खोल्यांची भाड्याची जागा. न्हाणीत विजेवरचा जुना तांब्याचा बंब, त्याचा प्लग मात्र न्हाणीबाहेर, घरातल्याच बोळकंडीत. हे, म्हणजे माझे मिस्टर, मूळचे कागलचे. बंबाच्या बटणावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. नुसतं बटण बंद करून भागायचं नाही. पिन काढायची, मगच तोटीला हात लावायचा. मी न्हाणीत शिरले की रोज बाहेरून विचारायचे, "पिन काढलीस काय?"

मी आतून "काढली" म्हणून ठोकून द्यायची. बटण बंद म्हणजे करंट बंद — असं आमचं विज्ञान! ते काही न बोलता स्वतः जाऊन पिन काढायचे. एकोणीस वर्षं हे असंच चाललं.

भाद्रपदात ते गेले. हार्ट अटॅक. मूलबाळ नव्हतं. रेडिओ सोडला तर घरात कुणाचा आवाज नाही... खरं सांगते, दूधवाल्याला उगाच थांबवून मी त्याच्या म्हशीची चौकशी करायची. तेवढंच बोलणं.

माघातली सकाळ, सातचा सुमार. पाणी तापलं, बटण बंद केलं, न्हाणीत जाऊन कडी लावली. ओल्या फरशीवर अनवाणी उभी. तोटीकडे हात नेला आणि दाराबाहेरून आवाज आला —

"पिन काढलीस काय?"

मी दचकलेसुद्धा नाही. सवयीनं म्हणून गेले, "काढली."

"न्हाय काढलीस. बघ जा की."

असं ते आयुष्यात कधी म्हणाले नव्हते. हात तिथंच थांबला. कडी काढून बाहेर आले. बोळकंडीत कुणी नाही. घराचं दार आतून बंद. पिन प्लगमध्येच.

अंघोळ राहूनच गेली. तशीच शाळेत गेले आणि दुपारी वायरमनला घेऊन आले. त्यानं तोटीला टेस्टर लावला. बटण बंद होतं, तरी दिवा लागला! बटण मुळातच चुकीच्या वायरीवर जोडलेलं, अर्थिंगचा पत्ता नाही, आणि आतली कॉईल कालपरवा फुटली असावी.

"बाई, हात लावला आसता तर जाग्यावर खलास झाला आसता की," तो म्हणाला. बंब आजच मोडीत घाला, असं बजावून गेला.

मी नाही घातला. दुसऱ्या दिवशी पाणी तापवलं, बटण बंद केलं, पिन तशीच ठेवली आणि न्हाणीच्या दारात उभी राहिले. तोटीपासून लांब. मरायचं नव्हतं हो मला... फक्त कुणीतरी विचारायला हवं होतं. पाणी निवेपर्यंत उभी होते. शाळा बुडाली. कुणी विचारलं नाही.

मनाचा खेळ म्हणावा, तर "बघ जा की" हे माझ्या मनात आलं कुठून? खुपतं ते वेगळंच — त्यांच्याशी मी शेवटचं जे बोलले, ते खोटं होतं.

त्याच संध्याकाळी बंब मोडीत दिला. त्याआधी पिन माझ्या हातानं काढली आणि रिकाम्या बोळकंडीत मोठ्यानं म्हणाले, "काढली हो."