जड सामान

आखातातल्या आमच्या हवल्लीच्या फ्लॅटचा एसी दुरुस्त करायला आलेल्या त्या मेकॅनिकचं नाव विचारायचं राहूनच गेलं. तो देवगडकडचा, एवढंच कळलं. त्यानं आधी जड कॉम्प्रेसर खोलीच्या मधोमध ठेवला, मग पाने, पकडी, तांब्याच्या नळ्या एकेक करून त्याच्याभोवती आणून मांडल्या.

शेजारी माझी लेक भूगोलावर वैतागली होती. जर्मनीतल्या एकाच पट्ट्यात एवढे कारखाने का?

"तिथं जमिनीत कोळसा असेल," तो म्हणाला.

"हाऊ डू यू नो?"

"माझे वडील लोहार होते, बाय. भट्टीला कोळसा ढिगानं लागतो. एवढं जड कोण हलवणार? लोखंडाचा दगडच नदीतून बोटीनं तिथं नेला असणार." त्यानं कॉम्प्रेसरवर थाप मारली. "आणि माणूस सगळ्यांत हलका. तेल इथं, म्हणून मी इथं."

"मग घरही इथंच करणार?" मी विचारलं.

कॉम्प्रेसर जागेवर बसवून त्यानं एसी सुरू केला. त्या गार वाऱ्यात डोळे मिटून तो समाधानानं हसला.

"घर गावाला बांधलंय, ताई. चिऱ्याचं. ते जड. आंब्याच्या दिवसांत मीच जातो त्याच्याकडे."